घाम तोच, हवा वेगळी

जळगावच्या मेहरूण तलावाभोवती पहाटे पळणारी मंडळी हिवाळा आला की मला हमखास विचारतात, ‘‘डॉक्टर, आपण पंचेचाळीस अंशांत वाढलेली माणसं. मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनचं काय घाबरायचं?’’ काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो.

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली; ती साधारणपणे जानेवारीत होते. पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर. अंधारात सीएसएमटीहून निघालो. वरळीच्या सागरी सेतूवर उजाडले. दोन्ही बाजूंना समुद्र, रस्त्यावर एकही गाडी नाही. पन्नाशीतला मी त्या क्षणी विशीतला झालो होतो. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला आणि सगळे बदलले. मळमळ, डोके जड, बोटातली अंगठी रुतू लागलेली.

चूक माझीच होती. खान्देशातल्या कोरड्या हवेत घाम येतो तसाच उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. समुद्रकाठच्या दमट हवेत तो नुसता निथळतो. कपडे भिजतात, शरीर मात्र हवे तसे थंड होत नाही. थर्मामीटर कमी आकडा दाखवत असला तरी शरीरावरचा ताण मोठा असतो. अंगावरून वाहणारा घाम पाहून मी घाबरलो आणि तहान नसताना प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पाणी प्यायलो.

गरजेपेक्षा जास्त पाण्याने रक्तातले सोडियमचे प्रमाण घटते. ते फार घटले तर मेंदूला सूज येते, प्रसंगी जीवही जातो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी निघाले. धावताना ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, त्यांना हा धोका सर्वाधिक होता.

शेवटचे चार किलोमीटर उरले असताना मी थांबलो आणि वैद्यकीय पथकाकडे गेलो. पदक हुकले. परतल्यावर ‘‘डॉक्टर असून सोडलं?’’ हे इतक्यांदा ऐकले, की माझे मत पक्के झाले : दमट हवेपेक्षा ही लाज जास्त घातक आहे. पदकाचा फोटो गटात फिरतो. वेळीच थांबलेला माणूस मात्र तोंड लपवतो.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या धावपटूंना सांगणे आहे. दमट हवेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे आधी जाणे जमणार नाही, तर वेग कमी ठेवा. लळिंगच्या चढावरचे घड्याळ तिथे लावू नका. तहान लागेल तेवढेच पाणी प्या. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका; मूत्रपिंडावर ताण येतो. सोबतचा कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. त्याला सावलीत न्या, पथकाला बोलवा. अंग तापले असेल तर ते येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहा.

आणि कुणी अर्ध्यातून परतला, तर स्टेशनवर त्यालाही हार घाला. तो पुढच्या जानेवारीत पुन्हा धावू शकेल.