दाराशी गाडी आणि घरचा हिशेब

आज आपल्या वस्त्यांतून, चाळींच्या तोंडाशी, बुद्धविहारांच्या आवारात लहान चारचाकी गाड्या उभ्या दिसू लागल्या आहेत. त्यातल्या बहुतेक जुन्या, दुसऱ्याकडून घेतलेल्या. कुठे ऑल्टो, कुठे वॅगन-आर, तर कुठे अजून जपून ठेवलेली मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा ती साहेबलोकांची गाडी होती. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तोवर ती शिपाई, सफाई कामगार, एस.टी.चा कंडक्टर, नर्सबाई यांच्या दारापर्यंत येऊन पोहोचली होती. हा बदल लहान नाही.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ही चैन आहे. त्यापेक्षा पोरांच्या शिक्षणाला पैसा लावा. शिक्षणाबद्दल त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे. पण गाडी म्हणजे निव्वळ चैन, हे आम्हाला पटत नाही. आपल्या समाजासाठी वाहनाचा प्रश्न हा सुरुवातीपासून इज्जतीचाही प्रश्न आहे. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले. बैलगाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले तेव्हा गाडी मिळाली.

पुढे १९२९ साली बाबासाहेब सरकारी चौकशी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले. बॅरिस्टर झालेल्या माणसालाही टांगेवाला न्यायला तयार नव्हता. आपल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. पाहुण्याची इज्जत राखण्याच्या नादात त्याच्या जिवाची काळजी मागे पडली, हे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले आहे.

दाराशी गाडी आणणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. इज्जतीसाठी गाडी जरूर घ्या, पण आत बसणाऱ्या माणसांचा जीव आणि घराचा हिशेब त्या इज्जतीच्या आधी येतो.

आता हिशेबाकडे येऊ. समजा जुन्या गाडीसाठी दोन लाखांचे कर्ज काढले, व्याज १४ टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ४,६५४ रुपये. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणे आणि लिटरला १८ किलोमीटर धरले तर २८ लिटर पेट्रोल. १०५ रुपये दराने २,९४० रुपये. विम्यासाठी महिना ६००, सर्व्हिसिंगसाठी ५००, टायर आणि बॅटरीसाठी बाजूला टाकायचे ६००. एकूण झाले ९,२९४ रुपये. पार्किंग आणि टोल वेगळे.

तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला केलेल्या उपदेशात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक भाग स्वतःच्या उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. घरात महिना ३०,००० रुपये येत असतील तर एक भाग झाला ७,५०० रुपयांचा. म्हणजे गाडीने एक अख्खा भाग गिळला आणि वर १,७९४ रुपये दुसऱ्या भागातून ओढले. तो दुसरा भाग बहुधा मुलीच्या क्लासचा नाही तर म्हाताऱ्या आईच्या औषधाचा असतो. हीच गाडी कर्जाशिवाय असती तर महिन्याचा खर्च ४,६४० रुपयांवर थांबला असता. म्हणून आमचा सल्ला असा, की निम्मी रक्कम आधी पतपेढीत किंवा बँकेत साठवावी. एक लाखाचे कर्ज तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३,४१८ रुपये येतो आणि सगळे मिळून व्याज जाते सुमारे २३ हजार. दोन लाख पाच वर्षांसाठी घेतले तर व्याजच ७९ हजारांच्या वर जाते. दोन वर्षे थांबण्याची ही किंमत आहे.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तरी जाहिरातीतली किंमत म्हणजे रस्त्यावरची किंमत नव्हे. त्यावर रस्ता कर, विमा आणि पासिंगचा खर्च चढतो. शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारायचा तो ‘सगळे धरून किती?’ हाच.

जुनी गाडी बघायला जाताना आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. विकणाऱ्याने सुचवलेला नको. गाडी थंड असताना सुरू करून बघावी. गरम करून ठेवलेल्या इंजिनाची खोड लपते. धूर निळा येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे, असे समजावे. आमच्या परिचयाच्या एका महापालिका कर्मचाऱ्याने चकाचक रंगाची ऑल्टो घेतली आणि दोन महिन्यांत वायरिंगने जीव नको केला. गाडी पुरात बुडालेली होती. हे ओळखायचे कसे? पायाखालचे कार्पेट उचलून गंज आणि गाळ बघावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा; आतल्या पट्टीवर मातीची रेघ सापडली तर हात जोडून परत फिरावे. किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, तो मागे फिरवता येतो. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे झिजलेले रबर खरे बोलते.

गाडी किती सालची घ्यावी? जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच लहान गाड्यांच्या धडक-चाचणीचे निकाल जाहीर केले. त्यात एअरबॅग नसलेली ऑल्टो ८०० होती आणि तिला एकही तारा मिळाला नाही. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, ३१ डिसेंबर २०२१ पासून शेजारी बसणाऱ्यासाठीही. वीस-पंचवीस हजार रुपये जास्त पडले तरी या तारखांनंतरची गाडी मिळते का, ते आधी बघावे. सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टीम नंतरही येते.

कागदपत्रांत आपली माणसे फार फसतात. पैसे दिले, चावी मिळाली, पेढे वाटले, की व्यवहार संपला असे वाटते. तो तिथे संपत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून आर.टी.ओ.त आरसी आपल्या नावावर झाली पाहिजे. आधीच्या मालकाचे कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवावा. गाडी विकणाऱ्यालाही हे तितकेच लागू आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अपघात झाला तर आरसीवर ज्याचे नाव आहे तोच भरपाईला जबाबदार धरला जाईल, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून फिरलेली असो. आपण विकलेल्या गाडीने उद्या कुणाला उडवले तर नोटीस आपल्याच घरी येईल.

विम्याचेही तसेच. गाडी विकली की दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी, गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा लागतो. हे न केल्याने ठोकलेल्या गाडीचा सगळा खर्च खिशातून भरलेले लोक आम्ही पाहिले आहेत. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात मिळतात. पण परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथे पुन्हा नोंदवावी लागते, इथला कर भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई उरत नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते, पर्यावरण करही पडतो. आरसीवरची तारीख बघूनच भाव बोलावा.

गाडी घरी आली की तिला वेळेवर खाणेपिणे लागते. इंजिन ऑइल वर्षातून एकदा किंवा १०,००० किलोमीटरला बदलावे. गाडी कमी फिरली म्हणून दोन-दोन वर्षे ढकलू नये. कुलंटची बाटली दर आठवड्याला बघावी. तापमानाचा काटा वर चढला तर गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्यावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडून हात भाजून घेतलेले लोक आहेत. आमच्या ओळखीच्या एक परिचारिका रात्रपाळीला स्वतः गाडी चालवत जातात. त्यांचा नेम असा, की दर रविवारी सकाळी स्टेपनीसह पाचही टायरची हवा बघायची. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर हवेचे आकडे छापलेले असतात. गाडी नुसती उभी ठेवली तर बॅटरी उतरते आणि चाळीतले उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास फिरवावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी मारू नये. पाणी इंजिनात ओढले जाते, इंजिन फुटते आणि साध्या पॉलिसीतून विमा कंपनी ते नुकसान देत नाही. गाडी ढकलत बाहेर काढावी. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर नोंदलेले हवे आणि सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी.

आता सर्वात जिव्हाळ्याची गोष्ट. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. या दिवशी लहान गाडीत आठ-आठ, नऊ-नऊ माणसे कोंबलेली दिसतात. आरसीवर आसनक्षमता लिहिलेली असते, ती श्रद्धेने वाढत नाही. जादा वजनाने घाटात उतरताना ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवावी, न्यूट्रल तर कधीच करू नये. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून पुढे मुंबईच्या बाजूलाही खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. तेव्हापासून दीक्षाभूमीला गाडीने जाणारी कुटुंबे वाढली. सरळ काँक्रीटच्या रस्त्यावर तासन्‌तास वेगात धावले की जुने टायर तापून फुटतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ‘१४१९’ म्हणजे २०१९ सालचा चौदावा आठवडा. पाच-सहा वर्षांपूर्वीचा किंवा नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेला टायर घेऊन या रस्त्यावर जाऊ नये. दर दोन तासांनी थांबावे. मागच्यांनीही पट्टा लावावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सायरस मिस्त्री महागड्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले असताना गेले, आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

वस्तीतली गाडी ही अडल्या वेळी सगळ्यांचीच असते, आणि असावी. मध्यरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवलेली गाडी पुण्याची. मात्र लायसन्स नसलेल्या भाच्या-पुतण्याच्या हाती चावी देऊ नये. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने माणसे नेऊ नयेत. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. आणि घरातल्या सुनेला, मुलीला गाडी शिकवा. तिचे लायसन्स काढण्याचा खर्च हा गाडीच्या खर्चातच धरा.

शेवटी, गाडी घेतल्यावर लिंबू-मिरची बांधणे, चाकाखाली लिंबू ठेवणे हे आपल्या घरात अजून दिसते, याचे वाईट वाटते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात त्रिशरण-पंचशील म्हणून गाडी बाहेर काढावी, इतके पुरे. मात्र पंचशील म्हणताना पाचवे शील चावीला बांधून ठेवावे. वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत, हळदीच्या रात्री ज्याने घेतली आहे त्याच्या हाती चावी द्यायची नाही, मग तो गाडीचा मालक का असेना.

लहान गाडी वापरणाऱ्या बंधू-भगिनींनी आपले अनुभव, खर्चाच्या वहीसह, आम्हाला जरूर कळवावेत. जयभीम.