शब्दांची ओळख : एक्सप्रेसली

'एक्सप्रेस' म्हटलं की आपल्याला डेक्कन एक्सप्रेस आठवते. त्यामुळे 'एक्सप्रेसली' म्हणजे घाईघाईनं, तातडीनं, असा पुष्कळांचा समज असतो. माझ्या थोरल्या बहिणीचाही तोच होता आणि तो तिला चांगलाच महागात पडला.

पुण्यात भाड्यानं फ्लॅट घेताना ताईनं इंग्रजी करारावर सही केली. घरमालकानं 'एक्सप्रेसली' लेखी परवानगी दिल्याशिवाय जागेत पोटभाडेकरू ठेवता येणार नाही, अशी त्यात अट होती. ताईनं अर्थ लावला, लगेच कळवायचं! भाचीच्या कॉलेजातली मैत्रीण पैसे देऊन राहायला आली, त्याच दिवशी तिनं जिन्यातच मालकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. घर सोडताना मात्र अनामत रकमेतून १०,००० रुपये कापून घेतले. "मी कधी हो म्हटलं होतं?" हा त्यांचा सवाल. खरंच, म्हटलं नव्हतंच.

'एक्सप्रेसली'चा मुख्य अर्थ आहे, स्पष्ट शब्दांत सांगून. आपल्याकडच्या १८७२च्या करार कायद्याचं नववं कलम हाच भेद करतं. शब्दांत दिलेलं वचन 'एक्सप्रेस', शब्दांवाचून दिलेलं 'इम्प्लाइड', म्हणजे गर्भित. मान डोलावणं या दुसऱ्या खात्यात जमा होतं. शब्द तोंडीही असू शकतात, म्हणून करारात 'लेखी' हे वेगळं घालतात.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ दाबून बाहेर काढणं. (एस्प्रेसो कॉफीही याच कुळातली!) मनातलं शब्दांत बाहेर आलं की ते एक्सप्रेस. मग गाडीचं काय? या शब्दाचा दुसरा अर्थ 'खास त्याच कामासाठी'. एक्सप्रेस गाडीही आधी एखाद्या ठिकाणासाठी खास सोडलेली गाडी होती, वेगाचा अर्थ मागाहून चिकटला. 'धिस रूम वॉज बिल्ट एक्सप्रेसली फॉर चिल्ड्रन' म्हणजे ही खोली खास मुलांसाठी बांधली, झटपट बांधली असं नव्हे.

'एक्सप्लिसिटली' हा याचा जवळचा नातेवाईक. त्याच्या मुळाशी घडी उलगडणं आहे, म्हणून काहीही मोघम न ठेवता सांगण्यावर त्याचा भर. मनाई किंवा परवानगी असेल तिथे मात्र 'एक्सप्रेसली' अधिक शोभतो. डॉक्टरांनी मीठ 'एक्सप्रेसली' बंद केलं असेल, तर 'पापडाचं काही बोलले नव्हते' ही सबब घरात चालेल, दवाखान्यात नाही.

ताई आता दुसऱ्या घरात राहते. तिथेही एक मुलगी पैसे देऊन राहायला आहे. परवानगीचा कागद कपाटात आहे, मालकीणबाईंच्या सहीचा, तारखेसकट.