विश्लेषण : काळजी की पाळत? प्रेमसंबंधातील छळ ओळखायचा कसा?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून शिक्षणासाठी, नोकरीसाठी कल्याणकडे जाणाऱ्या तरुणींचा दिवस आसनगावची लोकल किंवा मुरबाडची एसटी यांच्या वेळेवर चालतो. गाडी चुकणे, रेंज जाणे, घरी पोहोचायला उशीर होणे हे नित्याचेच. पण अशा प्रत्येक उशिराचा हिशेब प्रियकर मागू लागला, ‘कुठे आहेस, फोटो पाठव’ म्हणू लागला, तर त्याला काळजी म्हणायचे का?

छळाची सुरुवात कुठून होते?

बहुतेकदा मारहाणीपासून नाही. आधी मोबाइलचा पासवर्ड मागितला जातो. मग मैत्रिणी खटकू लागतात, कपड्यांवर शेरे येतात, पगाराचा हिशेब विचारला जातो. पुढे रागाच्या भरात हात उगारला जातो आणि लगेच रडून माफीही मागितली जाते. ‘तू सोडलेस तर जीव देईन’ ही धमकीसुद्धा दबावच असते. ग्रामीण भागात यात आणखी एका हत्याराची भर पडते. संबंध घरापासून लपवलेले असतात, त्यामुळे ‘तुझ्या घरी सांगेन, फोटो गावात फिरवीन’ एवढे म्हटले तरी मुलगी गप्प बसते. शहरातल्या मुलींसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत हा मुद्दा सहसा नसतो.

श्रद्धा वालकर प्रकरण काय सांगते?

२०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या वसईच्या श्रद्धाने नोव्हेंबर २०२० मध्ये तुळिंज पोलिसांकडे लेखी तक्रार दिली होती. जोडीदार मारहाण करतो, ठार मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असे तिने त्यात लिहिले होते. नंतर वाद मिटल्याचे सांगून तिने तक्रार मागे घेतली. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिची हत्या झाली आणि ती उघडकीस आली नोव्हेंबरमध्ये. हत्येचा आरोप त्याच जोडीदारावर आहे. म्हणजे चिन्हे तिने ओळखली होती, कागदावरही आणली होती. तक्रार मागे घेतली की धोका टळला, असे सगळ्यांनीच धरून चालणे ही इथली खरी गफलत.

लग्न झाले नसेल तर कायदा लागू होतो का?

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे (२००५) संरक्षण लग्नासारख्या, एकत्र राहण्याच्या संबंधांनाही आहे. नुसत्या भेटीगाठींना ते मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या वेलुसामी निकालात सांगितले. मात्र भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ अशा मुलींच्याही कामाचे आहे. नकार दिल्यावरही पाठलाग करणे, वारंवार संपर्क साधणे किंवा स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा गुन्हा असून पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धमकीसाठी कलम ३५१ आहे. मुलगी १८ वर्षांखालील असेल आणि शरीरसंबंध आले असतील, तर तिची संमती असली तरी पॉक्सो लागू होतो.

तक्रार कुठे करायची?

घटना कल्याणात घडली आणि मुलगी मुरबाडची असली, तरी हद्दीचे कारण देऊन तिला परत पाठवता येत नाही. ‘झिरो एफआयआर’ कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला हेल्पलाइनसाठी १८१ आणि फोटोंच्या ऑनलाइन धमक्यांसाठी १९३० हे क्रमांक आहेत. धमकीचे मेसेज पुसू नयेत. आपल्या फोनचा पासवर्ड त्याला माहीत असेल, तर स्क्रीनशॉट बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवर ठेवावेत. संबंध तोडायचे ठरले, तर शेवटचे भेटायला एकटीने जाऊ नये. हिंसा वाढण्याचा धोका त्याच दिवसांत सर्वाधिक असतो.