केक माझा, भांडे आईचे

आपल्या पुराणकथांत उत्तम स्वयंपाकी म्हणून दोघांचीच नावे गाजली. एक नलराजा आणि दुसरा भीम. नलाच्या नावावर तर ‘पाकदर्पण’ नावाचा ग्रंथच सांगितला जातो. भीम विराटाघरी बल्लव होऊन राहिला आणि चांगल्या आचाऱ्याला आपण बल्लवाचार्य म्हणू लागलो. पाककृतींच्या मराठी पुस्तकांतले अगदी सुरुवातीचे जे ‘सूपशास्त्र’, १८७५ सालचे, तेही रामचंद्र सखाराम गुप्ते नावाच्या गृहस्थांनीच लिहिले. पुरुषाने चुलीपुढे बसकण मारली की त्याचे शास्त्र होते, दर्पण होते. बाईने केला की तो नुसता स्वयंपाक. या शब्दातला ‘स्वयं’ कुणी घातला कोण जाणे, पण मोठ्या दूरदृष्टीने घातला यात शंका नाही!

हे सारे आठवण्याचे कारण एक केक. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी कॅरमल घातलेला सफरचंदाचा उलटा केक केला. उलटा म्हणजे भांड्याच्या तळाशी कॅरमल, त्यावर सफरचंदाच्या फोडी, त्यावर केकचे मिश्रण. भाजून झाले की भांडे ताटात पालथे घालायचे, म्हणजे तळ वर येतो आणि वर आलेला तो तळ काचेसारखा चमकत असतो. दिसायला हा पदार्थ इतका रुबाबदार आहे की चव पाहण्याआधीच माणसे ‘वा!’ म्हणून मोकळी होतात.

त्याची सगळी प्रतिष्ठा कॅरमलवर. दीडशे ग्रॅम साखर, दोनतीन चमचे पाणी आणि लिंबाचे चार थेंब. लिंबू चवीसाठी नव्हे. त्याच्या आंबटपणाने साखरेतले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे होऊ लागतात आणि पाक पुन्हा दाणेदार होत नाही. चमच्याने ढवळायचे नाही, भांडे नुसते कलते फिरवायचे. पाणी आटत जाते तसा एकतारी, दोनतारी, गोळीबंद असे आपल्या घरांतले सगळे ओळखीचे पाक एकेक करून मागे पडतात. आपल्याकडे यापुढे गेला तो पाक बिघडला. कॅरमल मात्र तिथून पुढे सुरू होते. १६० ते १७० अंश सेल्सिअसच्या आसपास साखर रंग धरते. आधी फिकट मधासारखा, मग तांबूस, मग चिंच लावून घासलेल्या तांब्याच्या घंगाळासारखा. इथे थांबले पाहिजे. बरेच जण धास्तीने मधाच्या रंगावरच गॅस बंद करतात आणि मग त्या केकला नुसता गोडवा येतो. थोडा कडवटपणा आल्याशिवाय कॅरमलला अर्थ नाही, हे माझे ठाम मत आहे. अर्थात तांब्याचा रंग आणि कोळशाचा रंग यांत फार तर अर्ध्या मिनिटाचे अंतर असते. माझी पहिली दीडशे ग्रॅम साखर त्या अर्ध्या मिनिटात कामास आली. दुसऱ्या खेपेस वेळेवर लोणी टाकले, ते फसफसून वर आले आणि काम फत्ते झाले.

बाकीचे सोपे आहे. मैदा, लोणी, साखर, दोन अंडी, बेकिंग पावडर, चिमूटभर दालचिनी. १८० अंशांवर पाऊण तास. आपल्या बाजारातले लाल सफरचंद कच्चे खाण्यासाठी उत्तम, पण शिजले की भुसभुशीत होते, म्हणून फोडी जाड ठेवाव्या आणि त्यांना लिंबू चोळावे. भट्टीतून काढल्यावर दहा मिनिटे थांबून केक पालथा घालावा. आधी घातला तर रस वाहतो, उशीर केला तर कॅरमल भांड्याला घट्ट धरून बसते.

हा उलटेपणा मुळात फ्रान्सचा म्हणून सांगतात. तिथे लामोत-ब्यूव्रों गावी तातँ आडनावाच्या दोघी बहिणी, स्तेफानी आणि कारोलीन, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉटेल चालवीत. त्यांच्या सफरचंदाच्या उलट्या टार्टला आजही त्यांचेच नाव आहे. पण त्यासोबत जी कथा चिकटली आहे ती ऐका. म्हणे कामाच्या गर्दीत स्तेफानीबाईंची चूक झाली, सफरचंदे करपू लागली, तेव्हा त्यांनी वरून पीठ थापून वेळ मारून नेली आणि पदार्थ जन्मास आला. वस्तुतः त्या भागात फळांचे उलटे टार्ट आधीपासून होत असत, त्यामुळे ही कथा खरी मानायचे कारण दिसत नाही. तरीही तीच लोकांना आवडते. नलराजाला दर्पण आणि स्तेफानीबाईंना अपघात, अशी ही वाटणी आहे.

तर माझा केक ताटात पालथा पडला तेव्हा घरात अकरा माणसे होती. आत्या आली होती, तिच्याकडची मंडळी होती, बाबांचे दोन मित्र होते. टाळ्या झाल्या. फोटो निघाले. आत्या म्हणाली, “मुलगा असून काय हात आहे बघा!” बाबांचे मित्र म्हणाले, “आता हॉटेलच काढ.” मी अंगभर फुगलो.

त्याच दिवशी त्याच ओट्यावर आईने अकरा जणांच्या पोळ्या लाटल्या होत्या, भरली वांगी, वरणभात, कोशिंबीर आणि अळूची भाजी केली होती. अळूचे कुणी काही बोलले नाही. नाही म्हणायला, वांग्यात मीठ किंचित कमी आहे असे बाबा म्हणाले.

रात्री अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. मी बेसिनात टाकलेले कॅरमलचे भांडे आईच्या हातात होते. थंड झालेले कॅरमल म्हणजे निव्वळ काच. मी चमच्याने दोनदा खरवडून नाद सोडला होता. आईने भांड्यात पाणी ओतून ते गॅसवर उकळत ठेवले. दहा मिनिटांत सगळी साखर विरघळली आणि भांडे धुतल्यासारखे निघाले.

“तुला कसं माहीत?” मी विचारले.

“चिक्कीचं भांडं असंच निघतं,” ती म्हणाली, “आणि चमच्याने खरवडू नको रे, पत्रा जातो.”

ज्या विद्येबद्दल मला टाळ्या मिळाल्या, तिचा हा उरलेला अर्धा भाग. तो माझ्याकडे नव्हताच, आणि त्याचा फोटो कुणी काढला नाही.

माझे म्हणणे केकविरुद्ध नाही. केक कष्टाचा आहे, शिकण्याजोगा आहे, मुलग्यांनी तो जरूर करावा. माझी तक्रार मोजमापाविषयी आहे. आपण स्वयंपाकाची किंमत तो किती दिपवतो यावर ठरवतो. जो पदार्थ वर्षातून दोनदा होतो तो कला, आणि जो दिवसातून दोनदा होतो तो कर्तव्य. मग घरातल्या पुरुषाने आपसूक पहिला प्रकार उचलावा आणि दुसरा ज्याच्या गळ्यात आहे त्याच्याच गळ्यात राहावा, यात नवल ते काय! सरकारनेच २०१९ साली देशभर पाहणी करून लोकांचा दिवस कसा जातो ते नोंदवले. त्यात असे दिसले की घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटे देतात आणि करणारे पुरुष ९७. हे करणाऱ्या पुरुषांचे झाले. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते. केक भाजायला पाऊण तास लागतो. वर्षाकाठी दोन केक करून मी या हिशेबात कितीशी भर घालणार?

वसतिगृहातल्या माझ्या मित्रांना हे पटत नाही. एकजण म्हणाला, “अरे, निदान मुलगे स्वयंपाकघरात आले तरी, सुरुवात तरी झाली ना?” झाली खरी. पण पाहुण्यासारखे येऊन पाहुण्यासारखे जाणे याला कुणी घरात राहणे म्हणत नाही. दुसऱ्याने थेट द्रौपदीच काढली. तिने थाळी घासून ठेवली तरी भाजीचे एक पान कडेला राहिलेच, आणि तेवढे खाऊन श्रीकृष्णाने दुर्वास ऋषींचा सगळा लवाजमा तृप्त केला! तेव्हा भांडी फार स्वच्छ घासू नयेत, असा त्याचा निष्कर्ष. दृष्टांत बिनतोड आहे, कबूल. फक्त वनवासातही भीमासारखा बल्लव घरात असताना थाळी घासायला द्रौपदीच का, हे मी विचारले तेव्हा तो मेसची वेळ झाली म्हणून उठला.

परवा आत्याचा फोन आला होता. येत्या सुट्टीत सगळे पुन्हा जमणार आहेत, तर “तो केक करशील ना?” असे तिने विचारले. मी म्हटले, “करीन की. पण त्या दिवशी पोळ्या, भाजी आणि नंतरची भांडीसुद्धा माझ्याकडे. आई तुमच्यात बाहेर बसेल.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आत्या म्हणाली, “अकरा माणसांच्या पोळ्या? तू? त्यापेक्षा आपण केक बाहेरून आणू.”