ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे!

बारावीचे आणि 'नीट'चे निकाल लागले की आम्हा डॉक्टरांकडे तापा-खोकल्याच्या रुग्णांबरोबर गुणपत्रिका घेतलेले पालकही येऊ लागतात. वर्सोव्याच्या कोळीवाड्यालगत माझा दवाखाना आहे. परवा मासळीचा धंदा करणाऱ्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. एमबीबीएसला प्रवेश मिळेल इतके गुण मुलीला नव्हते, पण ऑक्युपेशनल थेरपीला, म्हणजे 'ओटी'ला, मिळण्यासारखा होता. बाईंनी विचारले, "डॉक्टर, ओटी म्हणजे ऑपरेशन थेटरच ना? मग पोरगी तिथं काय करणार? हत्यारं धुणार?"

या प्रश्नाला हसण्याचा मला अधिकार नाही. मी स्वतः वैद्यकीय विद्यार्थी असताना या विभागाला आम्ही 'टोपल्या विणायचा वर्ग' म्हणत असू. तो गैरसमज मी पदवीबरोबर दवाखान्यात आणला, आणि त्याची किंमत माझ्या एका रुग्णाने मोजली.

पंचेचाळिशीतला हा तांडेल. उजव्या अंगावरून वारे गेले. रक्तदाबाच्या गोळ्या चालू झाल्या, व्यायाम झाले, तो काठी घेऊन चालू लागला. मी समाधानाने मान डोलावली. तो मात्र दर खेपेला म्हणे, "डॉक्टर, चालता येतंय, पण गाठ मारता येत नाय." मी म्हणे, "होईल हळूहळू." यात आठ महिने गेले. शर्टाची बटणे बायको लावी, घास डाव्या हाताने, आणि दिवसभर बंदरावर नुसते बसून राहणे. माणूस चिडचिडा झाला, मग गप्प झाला. अखेर एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी त्याला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवले.

त्या बाईंनी पहिल्या भेटीत त्याला विचारले, "तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करत होता?" हा प्रश्न मी आठ महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. त्यांनी मनगटाला आधार देणारी पट्टी बनवून दिली, चमच्याची मूठ जाड करून दिली, एका हाताने बटण लावण्याची युक्ती शिकवली. आणि मग जाळेच आणायला सांगितले! आधी जाड दोरी, मोठी गाठ; मग बारीक सूत, लहान गाठ. तो पुन्हा होडीवर गेला नाही, हे खरे. पण आज किनाऱ्यावर बसून तो जाळी दुरुस्त करतो आणि त्याचे पैसे घरी आणतो. पक्षाघातानंतर सुधारणेचा सर्वांत मोठा वाटा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पदरात पडतो. तो काळ माझ्या अज्ञानात गेला, ही खंत मला आहे.

वाचकहो, मराठीत या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात. येथे 'व्यवसाय' म्हणजे केवळ नोकरी-धंदा नव्हे. अंघोळ, जेवण, स्वयंपाक, मुलाचे खेळणे, अक्षर गिरवणे, हे सारे त्यात आले. फिजिओथेरपी प्रामुख्याने स्नायूंची ताकद व हालचाल परत आणते; व्यवसायोपचार त्या हालचालीतून माणसाचे रोजचे जगणे परत आणतो. दोन्ही शाखा एकमेकींना पूरक आहेत. सेरेब्रल पाल्सी व स्वमग्नता असलेली मुले, हाताच्या दुखापती, भाजलेले रुग्ण, मानसिक आजार, संधिवात, वृद्धत्व, इतके मोठे हे क्षेत्र आहे.

या शास्त्राची भारतातली सुरुवात आपल्याच राज्यात झाली. मूळच्या अमेरिकन आणि विवाहाने निंबकर घराण्यात आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातले पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाने चालते. १९५२ साली या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी जागतिक महासंघ उभा राहिला आणि त्याच्या संस्थापक देशांत भारत होता.

आता प्रशिक्षणाविषयी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हवे. महाराष्ट्रात प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो. केईएम, शीव व नायर या मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा पदवी अभ्यासक्रम आहे. काही खासगी महाविद्यालयेही आहेत. अभ्यासक्रम आजवर चार वर्षे व त्यापुढे सहा महिने आंतरवासिता असा चालत आला आहे. तरी त्या-त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहूनच अर्ज करावा. शरीररचना, शरीरक्रिया, मेंदूविकार, अस्थिरोग, बालरोग, मानसोपचार, सारे शिकावे लागते. पुढे पदव्युत्तर पदवी आहे. व्यवसाय करण्यासाठी राज्य परिषदेकडे नोंदणी लागते. २०२१ साली केंद्राने केलेल्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यातही ही शाखा समाविष्ट आहे.

पालकांना एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. सरकारी जागा थोड्या आहेत. 'एमबीबीएस हुकले म्हणून' आलेली मुले मनाने तेथे नसतात, आणि या कामात मन नसेल तर रुग्णाला ते पहिल्या दिवशी कळते. पाच वर्षांच्या मुलाला पेन्सिल धरायला शिकवताना महिने जातात. ज्याला तेवढा धीर आहे, ज्याला हाताने काही घडवण्याची आवड आहे, त्याने जरूर यावे. विशेष शाळा, हाताच्या शस्त्रक्रियेची केंद्रे, मनोरुग्णालये, स्वतःचे केंद्र, तेथील परीक्षा देऊन परदेश, अशा वाटा खुल्या आहेत.

माझे स्पष्ट मत असे, की ही विद्या मुंबई-पुण्या-नागपुरात अडकून पडली आहे. अर्धांगवायू तालुक्यातही होतो, उसाच्या चरकात हात गावातही सापडतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यवसायोपचारतज्ज्ञाची जागा असावी आणि ती भरलेली असावी. आम्हा डॉक्टरांनी चिठ्ठी वेळेवर लिहावी. आणि आपण, रुग्णाच्या नातेवाइकांनी, रुग्णालयातून घरी सोडताना 'हे चालतील का?' एवढेच विचारून थांबू नये. 'हे स्वतःच्या हाताने जेवतील का, कामाला लागतील का, त्यासाठी कोणाला दाखवू?' हेही विचारावे.

त्या मुलीला मी सल्ला दिला नाही. त्या तांडेलाकडे जाऊन बसायला सांगितले. आठ दिवसांनी ती पुन्हा आली, या वेळी एकटीच. अर्ज कुठे मिळतो, हे तिला विचारायचे होते.