कर्ता हरवलेली वाक्ये

सरकारी पत्रव्यवहाराची मराठी ज्यांच्या नित्य वाचनात आहे, त्यांच्या हे ध्यानात आले असेल की तीत अर्ज नामंजूर करण्यात येतो, नोटीस बजावण्यात येते, चौकशी तहकूब ठेवण्यात येते; परंतु नामंजूर करणारा, बजावणारा आणि तहकूब ठेवणारा मनुष्य मात्र वाक्यात कोठेही सापडत नाही. माणूस आपल्या कृतीचा खरोखर कर्ता आहे, की पूर्वसंस्कार, परिस्थिती आणि वरिष्ठांचे हुकूम ज्याच्याकडून कामे करवून घेतात असे केवळ निमित्त आहे, हा नीतिशास्त्रातील पुरातन वाद या वाक्यरचनेत दडलेला आहे, असे माझे मत आहे.

वीसएक वर्षांपूर्वी शेजारच्या एका निराधार विधवा बाईंबरोबर मी एका कचेरीत गेलो होतो. मासिक अर्थसाहाय्यासाठी त्यांनी केलेला अर्ज ‘दप्तरी दाखल करण्यात आला आहे’, एवढेच उत्तर त्यांना आले होते. दप्तरी दाखल म्हणजे प्रकरण मिटले, हे मी समजावून सांगताच बाई समोरच्या कारकुनाला म्हणाल्या, “पण दादा, कुणी केला दाखल? त्याचं नाव सांगा की.” कारकून म्हणाला, “बाई, माझ्या हातात काय आहे?” तो हे बोलला तेव्हा बाईंचीच फाईल त्याच्या हातात होती, आणि तिच्या फितीची गाठ अजून सुटलेली नव्हती. पलीकडच्या मेजावरचे वयस्क अव्वल कारकून हे ऐकून उठले. त्यांनी गाठ सोडली, कागद चाळले, पतीच्या मृत्यूचा दाखला जोडायचा राहिला आहे एवढीच उणीव असल्याचे पाहिले, आणि तसे एका कागदावर लिहून, खाली सुवाच्य अक्षरांत नाव, सही व तारीख घालून, तो बाईंच्या हाती दिला.

नियतिवादी यावर म्हणेल की, त्या वयस्क गृहस्थांचे उठणेही त्यांच्या संस्कारांनी आधीच ठरवून टाकलेले होते. बेंजामिन लिबेट या शास्त्रज्ञाचे १९८३ सालचे प्रयोगही तो पुढे करील. मनगट हलविण्याचा निर्णय आपण घेतला असे माणसाला जाणवण्याच्या सुमारे एकतृतीयांश सेकंद आधीच मेंदूतील हालचाल सुरू झालेली असते, असे त्यांत आढळले होते. हे निरीक्षण मला अमान्य नाही. परंतु लहर येईल तेव्हा मनगट हलविणे आणि एका निराधार स्त्रीचा अर्ज वाचून त्याचे काय करावे याचा विचार करणे, या दोन क्रिया एका मापाने मोजता येत नाहीत.

मानवेंद्रनाथ रॉय यांनी या शंकेचे केलेले निरसन मला अधिक समाधानकारक वाटते. इतिहासाच्या अटळ नियमांचा घोष करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट चळवळीत वर्षानुवर्षे वावरून, आणि १९३१ पासून पाच वर्षांहून अधिक काळ ब्रिटिशांच्या तुरुंगात काढून हा विचारवंत नवमानवतावादापर्यंत पोहोचला, आणि डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत भरलेल्या त्यांच्या पक्षाच्या अधिवेशनाने त्यांची २२ सूत्रे स्वीकारली. मनुष्याची विवेकबुद्धी ही नियमबद्ध निसर्गातूनच उदयास आली असल्यामुळे कार्यकारणभाव आणि संकल्पस्वातंत्र्य यांत विरोध नाही, हा त्यांतील एका सूत्राचा आशय आहे. विवेक हेही एक कारण आहे, आणि जेथे तो जागा असतो तेथे त्याच्या योगाने घटनांचा ओघ बदलतो. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी या विचाराकडे आकृष्ट झाले, याचे मला नवल वाटत नाही. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र असतो त्यालाच पाणिनीने कर्ता म्हटले आहे, आणि धर्मशास्त्रातील विधिनिषेधांनाही, करणे वा न करणे ज्याच्या हाती आहे अशा माणसालाच उद्देशून सांगितले असेल, तरच अर्थ आहे.

हे स्वातंत्र्य सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही, ही गोष्ट मात्र नीतीचा विचार करणाराने क्षणभरही विसरू नये. दारिद्र्याने ज्याच्या पुढच्या वाटा एकेक करून बंद केल्या, त्याला दोष देताना आपण दहा वेळा विचार करावा. ज्याच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने दुसऱ्याची चूल पेटते वा विझते, त्याने ‘माझ्या हातात काय आहे’ असे म्हणणे मात्र कदापि मान्य करू नये. म्हणूनच प्रत्येक हुकुमात निर्णय घेणाराचे नाव आणि त्याचे कारण स्पष्ट शब्दांत असावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. जेथे ‘मी नामंजूर केला’ असे लिहावे लागेल, तेथे लिहिण्यापूर्वी फाईलची गाठ सोडून पाहण्याची इच्छा होण्याचा संभव अधिक आहे.

त्या बाईंना वाचता येत नव्हते. कचेरीच्या पायऱ्या उतरल्यावर त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला, आणि आत काय लिहिले आहे हे विचारण्याआधी खालचे नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.