पाणी वरून गोडच पडतं

परवा बऱ्याच वर्षांनी मामाच्या गावी जाऊन आलो. दर्यापूर तालुक्यातलं लहानसं गाव. सभोवार सपाट काळी जमीन, कपाशी, तूर आणि मधूनच एखादी बाभूळ. लहानपणी तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं, ते अजून आठवतं. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही.

हा आपला खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली सुमारे नऊशे गावं त्यात येतात. प्यायला आता शहानूर धरणाचं पाणी नळानं येतं, पण शेताला नळ कुठला? मामांच्या शेजाऱ्यानं हौसेनं बोअर मारली, तेच पाणी पिकाला दिलं आणि जमीन चोपण करून बसला. पाणी मुरेना, पीक उगवेना. मग पावसावरचं एकच पीक, आणि ‘खारपाणातलं घर’ म्हणून पोरांची लग्नं अडलेली.

मामांनी मात्र शेताच्या उताराला शेततळं खोदलंय. इथली काळी चिकणमाती पाणी सहजी मुरू देत नाही, म्हणून प्लास्टिकही अंथरावं लागलं नाही. त्यातून हरभऱ्याला एक-दोन ओलितं मिळतात. मी विचारलं तर म्हणाले, "पानी त वरून गोळच पडते बाबू, खाली गेलं का खारं होते."

मला वाटतं, सगळं यातच आलं. आपण खारपाण हा शाप मानतो आणि कुठल्यातरी मोठ्या धरणाकडे डोळे लावून बसतो. धरणं हवीतच, पण डोळ्यांदेखत पूर्णेला वाहून जाणारं गोड पाणी आधी अडवायला नको का? २०१६ साली सरकारनं ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. पण तीन एकरवाल्यानं त्यातली जमीन खड्ड्यात घालायची कशी, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते अशा चार-पाच जणांचं मिळून एक तळं व्हावं, नाहीतर गावच्या नाल्यांचं खोलीकरण व्हावं. खर्च सरकारचा, राखण गावाची.

निघताना मामीनं चहा दिला. सवयीनं मी आधी जरासाच घोट घेतला. मामी हसली, "पी रे, नळाचं हाये."

चहा गोड होता. शेताची तहान तेवढी बाकी आहे.